पाटकऱ्याची वही

प्यो आजोबांच्या घरी जायचं नाही, असं आम्हाला थेट कोणीच सांगितलं नाही. पुरात पडझड झालेली अकरा घरं सरपंचांनी एका पुठ्ठ्यावर लिहून आणली होती. गामगोलच्या सभागृहात आम्ही चौदाजण पाठपिशव्या मांडीवर घेऊन बसलो होतो आणि सरपंच एकेका घरापुढे आमची नावं घालत होते. दहा घरं झाली. अकराव्यापुढे त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हे राहिलं की," जिनमो दादा म्हणाला. स्थापत्यच्या तिसऱ्या वर्षाला असलेला जिनमो आमचा गटप्रमुख होता.

"त्याचं राहू दे. वेळ उरला तर बघू."

"उरणार नाही वेळ," मागून कोणीतरी म्हणालं. मासानवाली आजी शेवयांचं पातेलं उतरवत होती. तिच्याबरोबरच्या दोघी हसल्या, पण ते हसणं काही बरं वाटलं नाही.

मी सुरिन. तेव्हा देगू शहरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकत होते. खरं सांगायचं तर दहा दिवसांच्या श्रमदानाचं, साठ तासांचं प्रमाणपत्र मिळतं म्हणून आले होते. पूर मी टीव्हीवर पाहिला होता, तेवढाच.

शेवया वाढता वाढता मासानवाल्या आजीने आम्हाला सगळं सांगितलं. तिचं माहेर मासानचं. लग्नाला पंचावन्न वर्षं होऊनही गाव तिला त्याच नावाने ओळखतं, आणि गावात कोणाचं काय चाललंय हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे. प्यो ग्वांगसिक तिथला पाटकरी. बांधातल्या मोरीचं दार कधी उघडायचं, कोणाच्या भाताला किती पाणी सोडायचं, हे चाळीस वर्षं त्याच्या हातात. सात जुलैला सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला, गावाला एका शब्दाने न कळवता, प्योने मोरी पूर्ण उघडली. पाव तासात खालच्या आळीत छातीएवढं पाणी. माणसं छपरांवर चढली. सरपंचांची आई तेवढी चढू शकली नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची, कमरेने अधू बाई. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या अंथरुणावर बुडाली.

"चुकून झालं असेल," मी म्हटलं.

"चुकून?" आजीने डाव हवेतच धरला. "त्याची गाय सकाळीच टेकडीवर नेऊन बांधली होती, पोरी. गाय वाचली, बाई गेली. आता तूच सांग."

शिवाय वसंतात भांडण झालं होतं. रोपं लावायच्या वेळी प्योने सरपंचांच्या शेताचं पाणी दोन दिवस तोडलं होतं, पाळीवरून. भर रस्त्यात दोघांची जुंपली. तेव्हापासून खालच्या आळीतलं कोणी प्योशी बोलत नव्हतं.

जिनमो दादा शेवया संपवून उठला, पुठ्ठ्यापाशी गेला आणि अकराव्या घरापुढे स्वतःचं नाव लिहिलं. मग माझं.

"माझं कशाला?" मी कुजबुजले.

"तू सगळ्यात शेवटी बसली होतीस म्हणून."

सरपंचांनी ते पाहिलं आणि पुठ्ठा उचलून नेला. पण सगळे पांगल्यावर मला नळापाशी गाठलं. कू मानगिल त्यांचं नाव, एकसष्टीचे, गळ्यात कायम पांढरा पंचा. आई जाऊन महिना झाला होता आणि हा माणूस सकाळी साडेसहाला गावच्या चारही भोंग्यांवरून सूचना द्यायचा, दिवसभर घरोघरी फिरायचा, दुपारी आम्हाला आइसक्रीमच्या कांड्या आणून द्यायचा. मला त्यांच्याबद्दल फार वाटायचं.

"तू जातेयस ना तिकडे," ते म्हणाले. "एक लक्षात ठेव. पाटकऱ्याची एक वही असते. पाण्याची पातळी, मोरी कधी उघडली, सगळं त्यात असतं. तो म्हणतो, पुरात वाहून गेली. मला नाही तसं वाटत. दिसलीच कुठे तर मला सांग. दुसऱ्या कोणाला नको."

"पोलिसांना?"

"चौकशी व्हायचीच आहे. आधी मला."

मी मान डोलावली. त्या क्षणापासून मी त्या घरात भिंती खरवडायला नाही, वही शोधायला जात होते.

प्यो आजोबांचं घर खालच्या आळीच्या टोकाला. पुराची रेघ भिंतीवर माझ्या खांद्याइतकी उंच. आजोबा लाकडी पडवीवर पाय सोडून बसले होते. पंचाहत्तरीचे, वाळकेसे. आम्ही वाकून नमस्कार केला तसे म्हणाले, "किती तासांचं मिळतं?"

"काय आजोबा?"

"प्रमाणपत्र."

जिनमो दादा हसला. "साठ तासांचं."

"मग इथे चार तास करा, साठ लिहा. मी सही देतो. जा."

"आम्ही काम करायला आलोय."

"कोणी पाठवलं? मानगिलने?"

"त्यांनी तर हे घर वगळलं होतं."

आजोबांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. खोटं कोण बोलतंय ते चेहऱ्यावरून हुडकत असावेत. मग आमच्या हत्यारांची पिशवी ओढून एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. खरवडण्या, हातोडी, ब्रश. सगळं परत आत टाकलं.

"ते कोपऱ्यातलं कपाट हलवायचं नाही. स्वयंपाकघरात मी असल्याशिवाय जायचं नाही. फोटो काढायचे नाहीत."

दिवसभर ते दारात हाताची घडी घालून उभे. आम्ही कुजलेलं मेणकापड जमिनीवरून सोलून काढलं, खालचा चिखल घमेल्यांनी बाहेर नेला. भिंतीचा कागद काढताना त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. दुपारी त्यांनी बार्लीच्या पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. जिनमो दादाने आधी वास घेतला. ते आजोबांनी पाहिलं.

"विष नाहीये त्यात. असतं तर इथे कशाला वाया घालवलं असतं?"

मी प्यायले नाही. घशाला कोरड पडली होती तरी.

दुसऱ्या दिवशी जमीन वाळवायला फरशीखालच्या नळ्या तापवणारा बॉयलर पेटवला. ऑगस्टचा उन्हाळा आणि पायाखाली तापलेली जमीन, आम्ही घामाने निथळत होतो. रस्त्यावरून जाणारी माणसं फाटकापाशी पाय जरा हळू करायची, आत बघायची, पुढे जायची. जेवायला सभागृहात गेलं की आमच्याच मुलांना उत्सुकता. काय म्हणतो? बोलतो का? भीती नाही वाटत? मासानवाली आजी माझ्या ताटलीत किमचीचा एक तुकडा जास्त ठेवून विचारायची, "गाय कुठे बांधतो गं आता?" जिनमो दादा खाली मान घालून जेवायचा. मी मात्र उत्तरं द्यायचे. मला आवडत होतं ते.

तिसऱ्या दिवशी वही दिसली.

मी ब्रश धुवायला मागच्या अंगणात गेले होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आजोबा पाठमोरे, पुरात बिघडलेल्या भाताच्या कुकरचं झाकण उघडून उभे. आतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. निळ्या पुठ्ठ्याची जाड वही. पाणी लागून फुगलेली. त्यांनी ती बॉयलरच्या गरम पत्र्यावर उघडी ठेवली, थोड्या वेळाने उलटली, परत गुंडाळली, कुकरमध्ये ठेवली, झाकण लावलं.

वाहून गेली म्हणे! लपवायचं काही नसतं तर लपवली कशाला असती?

चौथ्या दिवशी दुपारी ते गायीला पाणी पाजायला टेकडीवर गेले. जिनमो दादा गावच्या ट्रकमधून सिमेंट आणायला गेला होता. मी स्वयंपाकघरात शिरले आणि वही काढून शर्टाच्या आत पोटाशी धरली. मागच्या गल्लीत येऊन उघडून पाहिली. पेन्सिलीने लिहिलेलं, म्हणून पुसलं नव्हतं. जुलैची पानं एकमेकांना चिकटलेली. एकाच्या कडेला एवढंच वाचता आलं: "२:४० – मोरी पूर्ण उघडली." मला तेवढं पुरे होतं. बाकीची पानं सोडवायचं मनातसुद्धा आलं नाही.

सरपंच सभागृहाच्या मागच्या खोलीत चादरी मोजत होते. मी वही पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मोठ्या माणसाने लहानाकडून काही घेताना दोन्ही हात पुढे करायची आपल्याकडे पद्धत नाही. मला ते तेव्हाही खटकलं, पण अर्थ लागला नाही.

त्यांनी कोपऱ्यातली पातळ सुरी घेतली आणि चिकटलेली पानं सोडवायला लागले. इतक्या हळू, की मासा सोलतानाही कोणी एवढं जपणार नाही. मग खिडकीकडे तोंड करून वाचलं. एवढुशा पानाला लागावा त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"आहे ना?" मी विचारलं. "सापडलं ना?"

"शाबास पोरी," ते वळून न बघता म्हणाले. "कोणाला बोलू नकोस. मी बघतो."

मला वाटलं, संध्याकाळी गाव गोळा होईल. पोलिसांची गाडी येईल. काहीच झालं नाही. पाचव्या दिवशीही नाही. सकाळी भोंग्यांवरून फक्त औषधफवारणीची सूचना. सरपंच आइसक्रीम घेऊन आले, सगळ्यांना वाटलं, मला कांडी देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

सहाव्या दिवशी मी जेवणाच्या वेळी त्यांच्यापाशी गेले. "त्या वहीचं काय झालं?"

"कुठली वही?" चारचौघांत, अगदी हसून.

"मी दिलेली."

"सिमेंटच्या पावत्यांची का? ती जिनमोकडे दिली की." आणि ते दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागले.

इतके दिवस मी एका माणसावर नजर ठेवत होते. आता पहिल्यांदा वाटलं, नजर ठेवायला हवी होती ती दुसऱ्याच माणसावर. पण हेही वाटलं, की मी उगाच काहीतरी डोक्यात घेतेय. हा माणूस आईच्या दुःखात आहे, योग्य वेळेची वाट बघत असेल. मी दिवसभर दोन्हीकडे हेलकावत राहिले.

सातव्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर आजोबा अंगणात उभे होते. कुकर त्यांच्या पायापाशी उघडा पडला होता.

"पिशव्या रिकाम्या करा."

"काय झालं आजोबा?" जिनमो दादा म्हणाला.

"पिशव्या. इथे, चटईवर."

"आम्ही चोर नाही."

"मग रिकाम्या करायला काय जातंय तुमचं?"

जिनमो दादाचं तोंड लालबुंद झालं. सहा दिवस हा मुलगा गुडघ्यांवर बसून त्यांची जमीन घासत होता. त्याने पिशवी उलटी केली. टॉवेल, हातमोजे, आईने दिलेली मलमाची डबी, घामट बनियन, सगळं चटईवर पडलं. तो सरळ उभा राहिला आणि दुसरीकडे बघायला लागला.

"आता तू," आजोबा मला म्हणाले.

मला त्या बनियनकडे बघवेना. "मी घेतली," मी म्हटलं. "माझ्याकडे नाहीये. सरपंचांना दिली."

जिनमो दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की आजही ते डोळे आठवले तर मी विषय बदलते.

मला वाटलं आजोबा मारतील. ते पडवीवर बसले.

"जुलैची पानं चिकटलेली होती."

"हो."

"तू सोडवलीस?"

"नाही."

"त्याने?"

"हो. माझ्यासमोर. वाचलं त्यांनी."

आजोबांनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. "काय केलंस गं पोरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता अजून, तो नंतर आला. "अकरा दिवस तो माणूस जेवला नव्हता. आता कुठे दोन घास गिळतोय. आणि तू ते नेऊन त्याच्या हातात ठेवलंस?"

"पण त्यात तर तुम्ही मोरी उघडली असं—"

"उघडलीच. मला वरच्या कचेरीतून हुकूम आला. नसती उघडली तर बांध फुटला असता आणि वरची आळी, खालची आळी, काही म्हणजे काही उरलं नसतं. ते सोड. त्याच्या वरच्या तीन ओळी." ते बोटांवर मोजायला लागले. "दोन दहा, सरपंचाला फोन, उचलला नाही. दोन अठरा, उचलला नाही. दोन पंचवीस, उचलला नाही, कापला. भोंगे त्याच्या मोबाइलवरून वाजतात. त्याने एक बटण दाबलं असतं तर अर्धा तास होता गावाला. म्हातारीला उचलून न्यायला पाच मिनिटं पुरतात."

"दुसऱ्या कोणाला तरी करायचा होतात फोन," जिनमो दादा म्हणाला.

"कोणाला? कोण बोलत होतं माझ्याशी? दोघातिघांना लावला, माझं नाव बघून कोणी घेईना. मग मोरीपाशी धावलो."

"आणि गाय?" मी विचारलं. ते विचारल्याशिवाय मला राहवलं नाही.

"जोराचा पाऊस लागला की मी दर वेळी तिला वर नेतो. वीस वर्षं नेतोय. गावाने कधी बघितलं नाही, कारण कधी पूर आला नाही."

"मग सांगितलं का नाहीत?" मी जवळजवळ ओरडले. "सगळं गाव तुम्हाला—"

"काय सांगू? तुझी आई तुझ्या अंगठ्याने गेली, असं सांगू? तो मला शिव्या देतो, देऊ दे. शिव्या देऊन त्याला उभं तरी राहता येतंय."

जिनमो दादा वाकून चटईवरचे कपडे परत पिशवीत भरत होता. भरता भरता, मान वर न करता म्हणाला, "मग जपून का ठेवली होतीत, आजोबा? जाळायची."

आजोबांनी रिकामा कुकर पायाने जवळ ओढला.

"चौकशी आहे ना," ते म्हणाले. "अगदीच गळ्याशी आलं तर." मग एकदम उठले आणि तेव्हा त्यांचा राग बाहेर पडला. "निघ! तू निघ इथून. या पोराने यायचं तर येऊ दे. तू माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाहीस."

मी थेट सरपंचांच्या मिरचीच्या शेतात गेले. ते आडवी झालेली रोपं काठ्यांना बांधत होते. मला बघून ओळखलं असावं.

"बोलला तो?"

"हो."

त्यांनी एक रोप बांधून पूर्ण केलं. "तालुक्याला जेवण होतं. आम्ही आठजण. याचा फोन आला तशी शेजारचा म्हणाला, घे, आला तुझा पाऊस. सगळे हसले. चार थेंब पडले की फोन करायचा हा. पाणी तिसऱ्या खुणेला, पाणी चौथ्या खुणेला. आणि भांडण झालेलं. मी फोन उपडा ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कापला." त्यांनी उजवा अंगठा पुढे केला, जखम दाखवावी तसा. "याने."

"आणि तुम्ही सगळं त्यांच्यावर ढकललं."

"पहिल्या दिवशी रागाने बोलून गेलो. वाटलं, आता तो तोंडावर फेकेल. नाही फेकलं. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी मी वाट बघत उठायचो, आज बोलेल, आज बोलेल. मग म्हटलं, वही गेली असेल. मग..." त्यांनी सुतळीचा तुकडा दातांनी तोडला. "मग सोपं वाटायला लागलं."

"वही कुठे आहे?"

ते पुढच्या रोपाकडे वळले.

"जाळलीत?"

"जा तू, पोरी. काम कर तुझं."

मी परतले तेव्हा माझी खात्री झाली होती, की वही राखेत गेली. जिनमो दादाला सांगितलं, त्यानेही मान डोलावली. तो माझ्याशी बोलत नव्हता, कामापुरतं बोलायचा. बाकीच्या मुलांना बातमी लागली होती. त्या संध्याकाळी मी सभागृहात शिरले की बोलणं थांबायचं. माझ्या शेजारी झोपणाऱ्या मुलीने आपलं घड्याळ उशाखालून काढून पिशवीत ठेवलं. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

आठव्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही नळापाशी दात घासत होतो. भोंगे खरखरले.

"आ, आ. सूचना. कचऱ्याची गाडी आज नाही, उद्या येईल. फुटकी कौलं वेगळी ठेवावीत." मग थोडा वेळ नुसता श्वास. "दुसरी सूचना. सात जुलै. पाटकरी प्यो ग्वांगसिकच्या वहीत आहे ते वाचतो." आणि त्यांनी वाचलं. दोन दहा. दोन अठरा. दोन पंचवीस. दोन चाळीस. आकडे चारही भोंग्यांतून थोडे मागेपुढे येत होते, त्यामुळे प्रत्येक वेळ दोनदा ऐकू येत होती. "तिसरा फोन मी कापला. पाटकऱ्याने कळवलं नाही असं मी म्हणालो, ते खोटं होतं. माझी आई आणि तुमची घरं, दोन्ही माझ्यामुळे गेली. सूचना संपली."

मासानवाली आजी चुलीपाशी होती. तिने गॅस बंद केला आणि खाली बसली.

मग पहिली जी बोलली तीही तीच. "त्या पोरीने केलंय हे. म्हाताऱ्याकडून आता लिहून घेतलं असेल आणि याच्या गळ्यात मारलं."

"पेन्सिलीनेच लिहिलंय म्हणे," दुसरी म्हणाली. "पेन्सिलीचं काय, आज लिहिलं काय न् काल लिहिलं काय."

म्हणजे आता संशय आमच्यावर. त्या दिवशी जेवायला भात होता, पण वाढायला कोणी नव्हतं. आम्ही आमचं वाढून घेतलं. दुपारपर्यंत वारं फिरलं. सरपंचांच्या बरोबर जेवायला असलेल्यांपैकी एकाने कबूल केलं की फोन वाजला होता आणि आपण हसलो होतो. मग लोक सरपंचांच्या फाटकापाशी पाय हळू करायला लागले. आत बघायचे, पुढे जायचे.

प्यो आजोबांनी जिनमो दादाला आत घेतलं, मला नाही. उरलेले दिवस मी अंगणात बसून कागदाला खळ लावली. जिनमो दादा बाहेर येऊन लांब पट्टी उचलायचा, आत जाऊन चिकटवायचा. आत नवा कागद कसा दिसतो ते मला खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच.

शेवटच्या दिवशी दुपारी सरपंच आले. हातात वही. त्यांनी ती पडवीवर ठेवली, दोन पावलं मागे गेले आणि अंगणात गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पूर्ण नमस्कार केला. आजोबा दारात आले होते. सरपंच तसेच राहिले. उठले नाहीत.

"ऊठ, मानगिल," आजोबा म्हणाले. "पोरं बघतायत."

ते उठले तेव्हा कपाळाला माती होती. आजोबा काहीतरी बोलतील असं मला वाटलं, सरपंचांनाही वाटत असावं. आजोबांनी वही उचलली, आत गेले आणि दार लावून घेतलं.

शरदात चौकशी झाली. मोरी वेळेवर उघडली नसती तर बांध गेला असता, असं ठरलं. फोन न उचलणं हा गुन्हा नसतो, त्यामुळे सरपंचांना शिक्षा काही झाली नाही. त्यांनी पद सोडलं. मासानवाली आजी सांगत फिरायची, मला तेव्हाच शंका आली होती, प्यो तसा माणूस नाही. हे सगळं मला जिनमो दादाने सांगितलं. तोपर्यंत तो माझ्याशी पुन्हा बोलायला लागला होता, पण माझ्याकडे किल्ली ठेवायची वेळ आली की अजूनही क्षणभर थांबायचा.

नोव्हेंबरमध्ये मी एकटी गामगोलला गेले. फाटकात उभी राहून हाक मारली. आजोबांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं.

"थंडी येतेय आत. यायचं तर ये."

मी आत गेले. जमीन ऊबदार होती, कागद छान बसला होता. त्यांनी दोन भाजलेली रताळी समोर ठेवली. मी सोलली, खाल्ली. मग म्हटलं, "आजोबा, माझं चुकलं."

"हं."

"मानगिलकाका कसे आहेत?"

"आईच्या थडग्यावर गवत कापतो. रस्त्यात भेटला तर थांबतो. मी पण थांबतो." त्यांनी रताळ्याची सालं एका कागदात गोळा केली. "बोलत नाही. काय बोलायचं?"

त्यानंतर आम्हीही फारसं बोललो नाही. परतीची बस चारची होती. साडेतीनला मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. मी वळणावरून मागे पाहिलं. ते अजून तिथेच उभे होते. मी नीट गेले का हे बघायला, की खरंच गेले का हे बघायला, ते मला आजही सांगता येणार नाही.